हातपंपापाशी रस्ता का वळतो

७ नोव्हेंबर

सौ. ताईसाहेब यांस,

हे पत्र मी लिहीत नाहीये. चौथीचा वर्ग लिहितोय. फक्त हात माझा वापरलाय, कारण मुलांचं अक्षर अजून एका पाकिटात मावत नाही. तेव्हा "तीन वर्षांनी बरी बहीण आठवली हिला" असं भावजींना ऐकवू नकोस. मला कुणीही आठवलेलं नाही. वर्गाला साक्षीदार हवा आहे.

झालं असं. शाळेला पन्नास वर्षं होतात म्हणून डिसेंबरात कार्यक्रम आहे. पहिलीची मुलं फुलं होणार, दुसरीची फुलपाखरं, तिसरीचं समूहगान. चौथीने मात्र आपल्या रस्त्याचा इतिहास शोधायचा आणि स्टेजवर मांडायचा. फुलं-फुलपाखरांच्या बाया निवांत रंगीत कागद कापत बसल्या आहेत. माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

मी वर्गाला विचारलं, आपल्या रस्त्यात सगळ्यात विचित्र काय आहे? सगळे एका सुरात म्हणाले, वळण. तुला माहीतच आहे, चांगला सरळ चाललेला रस्ता आपल्या जुन्या घरासमोर, हातपंपापाशी, पोट आत घेतल्यासारखा वळतो आणि पुन्हा सरळ होतो. पंपाला आता पाणी नाही. पण तो हटलेला नाही आणि त्याला वळसा घालताना अजूनही सायकली पडतात. म्हणून विषय ठरला: हातपंपापाशी रस्ता का वळतो?

जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी उत्तरं हजर. टेलरकाका म्हणाले, रस्ता मापणाऱ्यांनी त्यांच्या वडिलांची टेप उसनी नेली होती आणि ती ताणून ताणून सैल झालेली होती. सलूनवाले काका म्हणाले, रोलर चालवणाऱ्याला डुलकी लागली. एकीच्या आजीने तर सांगितलं की रस्ता सरळच आहे, घरंच वाकडी बांधली आहेत.

आता माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळी शाळा वकील म्हणते. तिचं प्रत्येक वाक्य "पण बाई"ने सुरू होतं. मी शिकवत होते की एकाने सांगितली ती नुसती गोष्ट, दोघांनी तीच सांगितली तर तो इतिहास. वकील उभी राहिली. "पण बाई, ते दोघं मित्र असले तर? ठरवून सांगतील ना." मी वैतागून म्हटलं, "बरं बाई, ज्यांचा एकमेकांशी अबोला आहे अशा दोघांनी सांगितलं तरच धरायचं. झालं समाधान?" मला वाटलं मुलं हसतील. मुलांनी वहीत लिहून घेतलं.

मग मलाच विचारलं, बाई, तुम्ही तर पंपासमोरच राहायचात. मी जे खरं ते सांगितलं. रस्ता करायला रोलर आला, पंप पाडणार होते, सगळ्या गल्लीचं पाणी त्या पंपावर होतं, आणि आमची आई रोलरसमोर जाऊन उभी राहिली. "आधी माझ्यावरून न्या मग!" म्हणाली. रोलर थांबला, रस्ता वळला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर वकील म्हणाली, "पण बाई, तुमचा अबोला कुणाशी आहे?"

सगळ्या वर्गासमोर मला तुझा पत्ता द्यावा लागला.

तर त्या दिवशी काय घडलं ते वर्गाला लिहून कळव. तू काय लिहिणार ते मला ठाऊक आहे. बाबा गेले तेव्हा घरभर माणसं बसलेली असताना तू तेच सांगत होतीस, की रोलरसमोर बाबा उभे राहिले. मी म्हटलं, बाबा नव्हे, आई. तू म्हणालीस, तू एवढीशी होतीस, तुला काय कळतंय. मग दोघींचे आवाज चढले आणि तेव्हापासून सगळं बंद आहे. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि घड्याळाच्या टिकटिकीपेक्षा हळू बोलायचे, एवढं फक्त ध्यानात ठेवून लिही. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

साक्षीदार क्रमांक एक


१८ नोव्हेंबर

ताईसाहेब,

वर्गाला अजून उत्तर आलेलं नाही. मला नव्हे, वर्गाला. मी काही टपालाची वाट बघत नाही. ते शिपाई बघतो, मी त्याला अधूनमधून विचारते इतकंच. आता तो मला लांबून बघूनच मान हलवतो.

मंगळवारी तुझ्याकडे फोन वाजून, तू "हॅलो" म्हटल्यावर बंद झाला असेल, तर तो कुणाकडून तरी चुकून लागला असेल. तुझा आवाज बसलाय. गरम पाण्याच्या गुळण्या कर.

इकडे माझ्या नियमाने हाहाकार उडवलाय. मुलं दप्तर पाठीला लावून दारोदार फिरतात आणि विचारतात, "तुमचा कुणाशी अबोला आहे का?" टेलरकाकांनी छाती पुढे काढून सांगितलं की त्यांचं जगात कुणाशीही वाकडं नाही. आतून काकूंचा आवाज आला, "माझ्याशी आहे. जानेवारीपासून बोलत नाहीये मी. अजून यांच्या लक्षात आलेलं नाही." मुलांनी लगेच काकूंची साक्ष घेतली. काकू म्हणाल्या, रस्त्याचं मला माहीत नाही, पण लिहून घ्या. पुढे जे लिहून घेतलं ते स्टेजवर मांडण्यासारखं नाही.

मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की भांडण नसेल तर करवून घेऊ. चार जण सलूनमध्ये गेले आणि अगदी अदबीने म्हणाले, "काका, तुम्ही आणि टेलरकाका शुक्रवारपर्यंत भांडाल का? शाळेसाठी हवं आहे." दोघं जुने दोस्त, दोघांना गंमत वाटली. भांडायला काहीतरी कारण हवं म्हणून सलूनवाले काका म्हणाले, "तू शिवलेल्या पँटचा एक पाय आखूड असतो." टेलरकाका म्हणाले, "हे तू मनात ठेवून होतास तर." आता ते खरोखर बोलत नाहीत. टेलरकाकांचे केस कानांवर आलेत, पण दुसऱ्या गल्लीत जाऊन कापायची त्यांची तयारी नाही आणि याची पायरी चढणार नाहीत. एवढं करून दोघांच्या साक्षी जुळत नाहीत त्या नाहीतच. एक टेपच धरून बसलाय, एक डुलकी.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. त्यांनी एक छापील पान पुढे केलं. नगराच्या दूरदर्शी धुरिणांनी रहदारीचा वेग आटोक्यात राहावा म्हणून सदर वळणाची योजना केली, वगैरे. "हे पाठ करून घ्या. पाहुण्यांसमोर शोभेल असं आहे." मी पान वर्गात नेलं. दुपारी पाहते तर वकील मोठ्या बाईंच्या दारात उभी. "मोठ्या बाई, हे तुम्ही एकट्यानेच सांगितलंय. तुमचा कुणाशी अबोला आहे?"

"सध्या तुमच्या बाईंशी," मोठ्या बाई म्हणाल्या.

म्हणून सांगते, लवकर लिही. माझी नोकरी तरी वाचेल.

धाकटी (साक्षीदार)


२९ नोव्हेंबर

ताई,

कार्ड पोचलं. वर चौथीच्या वर्गाचं नाव आणि खाली एवढंच: "लिहून देणार नाही. विचारायचं तर समोर विचारा, मी येते. बसायला पाठ असलेली खुर्ची ठेवावी." इतकी वर्षं बसस्टँडच्या तिकीट खिडकीत बसून तू सगळ्या जगाशी असंच बोलत आलीस. मुलांना मात्र ते भारी आवडलं. तिघांनी ते तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं, आवाज माहीत नसताना, आणि हुबेहूब.

माझ्याबद्दल कार्डात काही नाही. मी उलटी बाजूही पाहिली.

पण तू येतेस. ताई, तू येतेस हे वाचल्यावर मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि उगाचच तारीख पुसून पुन्हा लिहिली. मग वळून वर्गाला म्हटलं, त्या आदल्या दिवशी येतील, माझ्याकडेच राहतील. वकील उभी.

"पण बाई, मग तुम्ही बोलाल."

"बोलू की. बहीण आहे ती माझी."

"मग अबोला संपेल. मग तुमची साक्ष धरता येणार नाही, त्यांचीही नाही. मग आपल्याकडे फक्त धुरीण उरतील."

धुरिणांना सगळेच घाबरतात, तो शब्द कुणाला नीट म्हणता येत नाही. मी म्हटलं, अरे, मी तीन वर्षं तिच्याशी बोललेले नाही. त्यावर मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "बाई, मग अजून थोडे दिवस चालतील ना?"

हात वर करून मतं घेतली. माझ्या बाजूने फक्त माझा हात.

पत्र चालेल का, यावर मधली सुट्टी बुडवून चर्चा झाली. पत्र मंजूर आहे. पण पत्रात रोलर, पंप, आई आणि बाबा हे विषय काढायचे नाहीत. ते चार वगळले तर तुझ्यामाझ्यात बोलायला काय राहतं ते मी रात्रभर आठवत होते. भावजींचा दात काढला का? तू अजून खिडकीवर सुट्टे पैसे नसलेल्या माणसांना रांगेच्या मागे पाठवतेस का? मी चष्मा बदलला. नवा चष्मा मला शोभत नाही असं सगळे म्हणतात, फक्त त्यांना ते तुझ्यासारखं तोंडावर म्हणता येत नाही.

हे सगळं तुला सांगायचं राहून गेलं होतं.

धाकटी


१५ डिसेंबर

ताई,

वर्गाने कळवायला सांगितलंय ते आधी. तू बसमधून उतरशील तिथे दोन मुली उभ्या असतील, हातात "साक्षीदार" असा पुठ्ठा. त्या तुला थेट दुसरीच्या वर्गात नेतील. तिथे पाठ असलेली खुर्ची आहे. ती मोठ्या बाईंची आहे, त्यांना अजून माहीत नाही. माझी साक्ष होईपर्यंत तू तिथेच बसायचंस, म्हणजे मी काय सांगितलं ते तुला ऐकू येणार नाही. वाटेत मी दिसले तर माझ्याकडे बघायचं नाही. हसायचं तर नाहीच. हसणं हे बोलण्यात धरतात असं काल ठरलं.

हे वर्गाचं झालं. आता माझं लिहिते, आणि मंजुरी न घेता लिहिते.

ताई, मला इतिहासाचं काही पडलेलं नाही. मला भीती वाटते. मी आई म्हणेन, तू बाबा म्हणशील, हॉलभर माणसांसमोर पुन्हा तेच होईल आणि तू पर्स उचलून आल्या पावली बसस्टँडवर जाशील. मागच्या वेळी मला वाटलं होतं की आठ दिवसांत राग निवळेल. या वेळी गेलीस तर पुन्हा येणार नाहीस, हे मला कळतं. घरातलं असं तुझ्याशिवाय मला आता कुणी उरलेलं नाही गं.

म्हणून काल मी वर्गाला सांगून टाकलं, मी नीट विचार केला, बाबाच उभे होते. माझी साक्ष बदला. संपवा.

वकील उभी राहिली. "पण बाई, तुम्हाला तसं आठवतंय का?"

"नाही."

"मग तुम्हीच तर सांगितलं होतं की आठवत नाही ते सांगायचं नाही."

मी हरायला तयार आहे, ताई. ही पोरं मला हरू देत नाहीत.

स्वेटर आण. हॉलमध्ये पंखे बंद करता येत नाहीत, बटण तुटलंय.

तुझी
धाकटी


२० डिसेंबर, हॉल, पुढून पहिली रांग

ताई,

कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहिते आहे, पेन्सिलीने. तू शेवटच्या रांगेत आहेस, मी पहिल्या. मध्ये दोनशे पालक. स्टेजवर फुलपाखरं आली आहेत आणि त्यातलं एक आईला शोधत रडतंय. कार्यक्रम संपेपर्यंत बोलायला बंदी आहे आणि वकील माझ्या शेजारी पहाऱ्याला बसली आहे. तेवढा दम मला धरवत नाही.

तू स्टेजवरच्या खुर्चीत होतीस, दिव्यांमुळे तुला माझं तोंड दिसलं नसेल. म्हणून सांगते.

माझी साक्ष तू ऐकली नाहीस. मी छान दिली होती. पदर खोचून आई कशी पुढे गेली, हात कसे पसरले, काय म्हणाली, सगळं. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," असंही म्हटलं. ते म्हणायची काही गरज नव्हती.

मग तुला आणलं. तीन वर्षांत तू बारीक झालीस. बाबाच उभे राहिले आणि बाबाच ओरडले, असं म्हणालीस; ते येणारच होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला, शेजारी पाहुणे, आणि हातात धुरिणांचं पान तयार. मी तुझ्या पर्सकडे बघत होते. तू ती मांडीवरून उचललीस तर सगळं संपलं, एवढंच मला दिसत होतं.

तेवढ्यात वकिलाने विचारलं, "तुम्ही तेव्हा कुठे होतात?" आणि तू तिकीट फाडून द्यावं तशी म्हणालीस, "पायरीवर. ही माझ्या मांडीवर. रोलर बघून भोकाड पसरेल म्हणून हिचे डोळे मी दोन्ही हातांनी गच्च दाबून धरले होते. फार घाबरट होती."

हॉल हसला. मी नाही हसले. वकील हळूच माझ्याकडे वळली, आणि तुला सांगते, आयुष्यात मला कुणाची एवढी भीती वाटलेली नाही.

"पण बाई, मग तुम्ही पाहिलं कसं?"

मी उभी राहिले. वर्गात गृहपाठ न केलेली मुलं उभी राहतात तशी. काय सांगणार होते? मला आईचा आवाज आठवतो. "आधी माझ्यावरून न्या मग," हे आईच्या आवाजात जसंच्या तसं आठवतं. पण आई उभी दिसते का म्हणून आत शोधायला गेले तर तिथे काहीच नव्हतं. पदर नाही, हात नाहीत. ते सगळं मी नंतर कधीतरी लावून घेतलं असणार. "ऐकलं," मी म्हटलं. "पाहिलं नाही. ऐकलं. पण आवाज आईचाच होता."

मला वाटलं आता तू म्हणणार, सांगत नव्हते मी? तू तोंड उघडलंही होतंस. पण वकिलाला कुणाची बाजू घ्यायची सवयच नाही.

"बाबा बोलले ते तुम्ही त्यांचं तोंड बघून सांगता का?" तिने तुला विचारलं.

"तोंड कसं दिसणार? आमच्याकडे पाठ होती त्यांची."

"आणि तुमची आई कुठे होती?"

"घरात असेल. मागे. खिडकीपाशी."

"मग आवाज पुढून आला की मागून?"

तिकीट खिडकीत तुला कुणी निरुत्तर केलेलं मी ऐकलेलं नाही. रोलर फार धडधडत होता, असं काहीसं पुटपुटलीस. मग मान खाली घातलीस, आणि माइक समोर आहे हे विसरून स्वतःशीच बोललीस, ते सगळ्या हॉलला ऐकू आलं. "बाबा एवढ्या मोठ्याने आयुष्यात कधी बोलले नाहीत."

मुलांनी फळ्यावर लिहिलं. उभे राहिले: बाबा. ओरडली: आई. साक्षीदार: दोन, अबोला असलेल्या. टाळ्या पडल्या, मोठ्या बाईंनी सगळ्यात मोठ्याने वाजवल्या आणि पाहुण्यांना सांगितलं की ही पद्धत आमच्या शाळेत पहिल्यापासूनच आहे. टेलरकाका आणि सलूनवाले काका दोघंही मान हलवत म्हणाले की हे काही खरं नाही. या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं आणि आता ते एकाच बाकावर बसलेत.

तू पर्स उचललीस आणि खाली उतरलीस. दाराकडे न जाता तू मागच्या रांगेत जाऊन बसलीस. तेव्हापासून मी तिसऱ्यांदा वळून बघते आहे आणि तिसऱ्यांदा वकील माझी मान सरळ करते आहे.

ताई, मला त्या दिवसातला अंधार आठवतो. दिवसाउजेडी अंधार का होता, हे मी कधी स्वतःला विचारलंच नाही. तो म्हणजे तुझे हात होते. मी चार-पाच वर्षांची होते, म्हणजे तू फार तर आठची. समोर एवढा मोठा रोलर, त्याच्यापुढे आपले बाबा, आणि तुझे दोन्ही हात माझ्या डोळ्यांवर. तुझे डोळे कुणी झाकले गं? ते सगळं तू एकटीने बघितलंस. आणि आज इतक्या वर्षांनी सांगितलंस तेही असं, की हॉल हसावा.

वकील खांद्यावरून वाचते आहे. नाक ओढते आहे आणि ते सर्दीमुळे आहे असं म्हणते. आत्ता म्हणाली, "बाई, निकाल लागलाय ना. मग बोललात तरी चालेल."

हे या कार्टीला मगाशीच सांगता आलं नसतं का?

चिठ्ठी पाठवत नाही. तू उठू नकोस, मीच घेऊन येते.